हार्डविक हॉल : काचेचे कौतुक झाले, भिंतींचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधल्या जुन्या वाड्यांवरचा लेख वाचला. डर्बीशायरच्या हार्डविक हॉलविषयी लिहिताना वाड्याची मालकीण बेस ऑफ हार्डविक हिची चार लग्ने, तिची श्रीमंती आणि भिंतीपेक्षा काचच जास्त असल्याची तिथली जुनी म्हण, सगळे आले. वाडा ज्याने आखला, त्या रॉबर्ट स्मिथसनचे नाव मात्र कुठेच नाही! उभी नोकरी बांधकाम खात्यात झालेल्या माणसाला हे खटकणारच.

वाडा १५९० ते १५९७ या काळातला. तेव्हा ना पोलादी गर्डर, ना काँक्रीट. दगडी भिंतींना एवढी भगदाडे पाडल्यावर भार पेलायचा कुणी? मुलगी नॉटिंगहॅमला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा वाड्यात मी हेच शोधत हिंडलो. बायको पडदे आणि भरतकाम बघत पुढे गेली, मी आतल्या भिंती न्याहाळत मागे राहिलो. खुबी तिथेच आहे. स्मिथसनने बरीचशी धुराडी आतल्या भिंतींत घेतली, त्यामुळे बाहेरच्या भिंती खिडक्यांसाठी मोकळ्या झाल्या. सुमारे ५० मीटर लांबीच्या लाँग गॅलरीत, म्हणजे तिथल्या लांबलचक दालनात, हे उघड दिसते : खिडक्या पूर्वेला, दोन्ही शेकोट्या समोरच्या आतल्या भिंतीत.

मजल्यांची उंचीही पाहण्यासारखी. आपण तळमजला उंच ठेवतो, इथे उलटे. खाली स्वयंपाकघर आणि नोकरचाकर, पहिल्यावर घरची माणसे, आणि सर्वांत उंच दालने थेट दुसऱ्या मजल्यावर, पाहुण्यांसाठी. तिथवर नेणारा दगडी जिना इतका ऐसपैस आणि वळणावळणाचा, की माझ्या गुडघ्यांनीही तक्रार केली नाही. बाहेरची रांग बिघडू नये म्हणून काही खिडक्या नुसत्या दिखाऊ आहेत, हे मात्र मला रुचले नाही. बाईंनी सहा मनोऱ्यांच्या कठड्यांवर स्वतःची आद्याक्षरे दगडात कोरून घेतली, तेही जरा अतिच.

स्मिथसन मूळचा पाथरवट. लाँगलीट या वाड्याच्या कामावर त्याने दगड घडवले, नंतर नॉटिंगहॅमचा वोलटन हॉल उभा केला. १६१४ साली तो वारला. वोलटनच्या चर्चमधल्या त्याच्या स्मृतिशिळेवर त्याच्या कामाचा उल्लेख आहे.

लेखमालेचे पुढचे भाग येणार आहेत असे दिसते. त्यांत मालकिणीच्या तैलचित्रासोबत वाड्याचा एक साधा तळनकाशाही छापावा, ही विनंती. जागा कमी पडली तर तैलचित्र लहान करा.

— एक निवृत्त स्थापत्य अभियंता, मिरज