देवघरातला झिरो बल्ब

पुणे

ती. बाबांना आणि ती. सौ. आईला साष्टांग नमस्कार.

गणपतीहून परतून पंधरा दिवस झाले. फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं, बघूया" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. म्हणून आता लिहूनच पाठवते. बाबा, पत्र संपेपर्यंत चष्मा काढायचा नाही.

विषय बल्बांचा: जुने काढून एलईडी लावायचे. तुमचं म्हणणं मला पाठ आहे. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत लाईट फुकट आहे, मग शंभर-शंभर रुपयांचे बल्ब कशाला? शिवाय खानापूरच्या बाजारात रस्त्यावरून आणलेला एलईडी दोन महिन्यांत गेला आणि साधा बल्ब मात्र दिवाळीपासून जळतोय.

निघायच्या आदल्या दिवशी तारेला लावलेली बिलं मी काढून बघितली. कन्नड मला तुमच्याइतकंच वाचता येतं, पण आकड्यांना भाषा नसते. फुकट म्हणजे सरसकट २०० युनिट नव्हेत. २०२३ ला योजना सुरू झाली तेव्हा २०२२-२३ ची आपली महिन्याची सरासरी धरली आणि तिच्यावर दहा टक्के दिले. आपली सरासरी होती ६८, म्हणजे हद्द पंच्याहत्तरच्या आत. तेव्हा घरात फ्रीज नव्हता! गेल्या तीन बिलांत ९१, ८८, ९३ युनिट आहेत. वरच्या युनिटांचे पैसे तुम्ही "कसली तरी फी असेल" म्हणत भरताय.

फ्रीज बंद करा असं मी म्हणणार नाही, आईने तो किती वर्षांनी बघितला. पण देवघरातला तो लाल झिरो बल्ब बघा. नाव झिरो, खातो बारा-पंधरा वॅट. जुन्या मीटरची चकती तेवढ्याला हलायची नाही म्हणून झिरो, असं आमच्या इथला वायरमन सांगतो. हा रात्रंदिवस जळतो. चोवीस तास, तीस दिवस. हिशेब केला तर महिन्याला नऊ ते अकरा युनिट! सोप्यातला ६० चा बल्ब रोज पाच तास जळून नऊ युनिट घेतो, म्हणजे देवापुढचा मिणमिणता दिवा त्याच्या बरोबरीने खातो. अर्ध्या वॅटचा एलईडी लावला तर महिन्याला अर्धा युनिटही जात नाही. समई आहेच की, आई. ती तू सांजेला लावतेसच.

सोप्यात ९ वॅटचा एलईडी ६० च्या बल्बाएवढा, किंबहुना थोडा जास्तच उजेड देतो आणि नऊ युनिटांचे दीड युनिटाच्या आत येतात. जुन्या बल्बाची बहुतेक वीज तापण्यात जाते. हात लावून बघितलात तेव्हा बोट भाजलं होतं ते आठवत असेल. स्वयंपाकघरातल्या ट्यूबवर ४० लिहिलंय, पण तिचं चोक आणखी दहा-बारा वॅट खातं. त्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी बसवली की झालं. एवढ्या तीन जागा बदलल्या तरी वीस-बावीस युनिट कमी होतील, म्हणजे बिल परत हद्दीत.

न्हाणीतला मात्र बदलू नका. तिथे दिवसाला वीस मिनिटं दिवा लागत असेल. वर्षभरात वाचतील सहा-सात युनिट, त्यासाठी धावपळ कशाला? गेला की बदलू. गोठ्यातला पांढरा वळणावळणाचा सीएफएलही जाईपर्यंत राहू द्या. फक्त फुटला तर झाडूने ओढू नका, त्यात थोडा पारा असतो. दार उघडं ठेवा, गाईला बाहेर काढा आणि कागदाने काचा उचला.

आता तुमचा दोन महिन्यांत गेलेला बल्ब. मी तो उघडून बघितला, रागावू नका. आतली चकती ठीक होती, जळाली होती ती बुडाची छोटी सर्किट. एलईडी मरतो तो बहुधा तिथे. लाईट जाऊन धाडकन परत येते तेव्हा तिला झटका बसतो, आणि तुम्ही तो पडवीच्या बंद काचेच्या गोळ्यात घातला होता, आतली उष्णता जाणार कुठे? शिवाय त्याच्यावर बीआयएसची, म्हणजे सरकारी मानक संस्थेची, नोंदणीखूण नव्हती. माजघरातला बघा की! स्वस्त एलईडीच्या होस बेळकू योजनेत शंभर रुपयांना मिळालेला ९ वॅटचा तो बल्ब आजही चालतो.

पण त्याच माजघरातल्या बल्बाची आईची एक तक्रार आहे. बटण बंद केलं तरी रात्री तो भुतासारखा मिणमिणतो. आई, तू त्यावर हसलीस, पण मी हसू शकले नाही. बोर्डावर लाल टिमटिमणारा इंडिकेटर असेल तर त्यातून थोडा करंट झिरपतो आणि एलईडी तेवढ्यावरही उजळतो, त्यात काळजी नाही. पण आपल्या त्या बोर्डाला इंडिकेटर नाही. मग बहुतेक बटण फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेवर, न बसवता न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, बसवलंय. तसं असलं तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये करंट असतो. आणि बाबा, तुम्ही न्हाणीतून ओल्या हाताने येऊन स्टुलावर चढून बल्ब बदलता. जुन्या बल्बाला हे कळायचं नाही, एलईडीने दाखवून दिलं. बाकी सगळं राहू द्या, वायरमनला बोलावून टेस्टरने तपासून घ्या. तोवर त्या होल्डरला कुणी हात लावायचा नाही. अगदीच लागलं तर आधी मेन बंद.

मला खरं तर युनिटांची एवढी काळजी नाही. संध्याकाळी तुम्ही सोप्याच्या कोपऱ्यात पेपर तिरका धरून वाचता, तेव्हा मीच डोळे बारीक करते. साठीच्या डोळ्यांत विशीतल्यापेक्षा निम्म्याहून कमी उजेड पोचतो, आणि तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय. पेपरासाठी डोक्यावर १२ वॅटचा लावा, तरी ६० च्या पाव भागाहून कमीच जातो. सोप्यात आणि देवघरात पिवळसर घ्या, नाहीतर आई म्हणेल दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय. स्वयंपाकघरात पांढरा, तांदळातले खडे दिसायला.

पाकिटात पाच बल्ब आणि एक छोटा देवघरासाठी पाठवतेय. पट्टी दिवाळीला येताना आणते.

तुमची,
धाकटी

ता. क. कोंबडीच्या पिल्लांच्या डालग्याला लावता तो ६० चा बल्ब तेवढा टाकू नका. पिल्लांना ऊब लागते, ती एलईडी देत नाही.