एक्स-रे वाचायलाही शिकवा: पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

मी तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करणारा पशुवैद्यक. नुकताच दवाखाना टाकला होता, तेव्हा एक आजोबा खोकणारा पॉमेरेनियन घेऊन आले. छातीचा एक्स-रे काढला. फुप्फुसं पांढुरकी, हृदय मोठं. मी हृदयविकार सांगितला आणि फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध सुरू केलं. दहा दिवस ते पोर नुसती लघवी करत राहिलं, वाळत गेलं. खोकला मात्र तसाच.

शेवटी माझ्या सरांनी फिल्म दिव्यासमोर धरली आणि एवढंच विचारलं, "श्वास सोडताना काढलास ना?" श्वास सोडलेला असला की फुप्फुसं दाट दिसतात, हृदय आहे त्याहून मोठं भासतं. श्वास भरून घेतल्यावर पुन्हा काढला, तर फुप्फुसं स्वच्छ आणि मानेतली श्वासनलिका चपटी पडलेली. दुखणं तिथं होतं.

सरांनी मग मोजायला शिकवलं. हृदयाची लांबी-रुंदी कंपासात घ्यायची, छातीच्या चौथ्या मणक्याच्या पुढच्या कडेपासून मणक्यांवर ठेवायची आणि दोन्हींची बेरीज करायची. ही रीत १९९५ पासून वापरात आहे. साधारण १०.५ मणक्यांपर्यंत ठीक. पण पग, लॅब्राडॉर, बॉक्सर यांचं निरोगी हृदयही त्यापुढे जातं. हे सगळं पुस्तकात आहे. पण नुसत्या पुस्तकाने डोळ्याला वळण लागत नाही. फिल्म तर मी रोज बघत होतो, आणि चूक दाखवणारं कुणी नसल्यामुळे चुकीचंच पक्कं होत होतं.

परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही महाविद्यालयं आहेत. माझी मागणी साधी आहे. साडेपाच वर्षांच्या शिक्षणात एक वर्ष इंटर्नशिपचं असतं. त्या वर्षात प्रत्येकाने छातीचे किमान दोनशे एक्स-रे वाचावेत. दोन्ही कुशींवरचे आणि पाठीवरचे असे तिन्ही, कारण खालच्या बाजूच्या फुप्फुसातली गाठ एकाच फिल्ममध्ये दडून राहू शकते. आधी स्वतःचं निदान लिहून द्यावं, मगच ते इको (हृदयाची सोनोग्राफी) किंवा शवविच्छेदनाशी ताडावं आणि शिक्षकांनी शेजारी बसून चूक दाखवावी. यासाठी नवं यंत्र लागत नाही, शिक्षकांचा वेळ लागतो. तेवढी पदं भरा.

एक्स-रेंचा हाच संच, मालकांची नावं काढून, आमच्यासारख्या बाहेर पडलेल्यांनाही खुला करा. माझ्याकडच्या फिल्म मी द्यायला तयार आहे. पहिली त्या पॉमेरेनियनची असेल, चुकीच्या निदानाच्या चिठ्ठीसकट.

आपला,
एक पशुवैद्यक