'मॅव्हरिक'ला त्या रांगेत बसवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या लेखात जुन्या अमेरिकी काऊबॉय मालिकांची 'घोडे, धूळ आणि ढिशुम' अशी एका ओळीत बोळवण केली आहे. बाकीच्यांचं काय ते असो, 'मॅव्हरिक'वर हा अन्याय आहे.

१९५७ ते १९६२ या काळात एबीसी वाहिनीवर चाललेल्या या कृष्णधवल मालिकेतले ब्रेट आणि बार्ट हे भाऊ पोकर या पत्त्यांच्या जुगारावर पोट भरणारे. पिस्तूल कमरेला असतं, पण मागचं दार उघडं दिसलं की आधी तिकडे वळणार. वर 'आमचे बाबा म्हणायचे...' करत वडिलांची तिरपागडी वचनं ऐकवणार. तरी ही मंडळी जुगारी वाटतच नाहीत, कारण त्यांची भिस्त नशिबावर नसते, समोरच्याच्या हावेवर असते.

१९५८ सालचा एक भाग बघा. ब्रेटने रात्री ठेवायला दिलेले १५ हजार डॉलर बँकवाला सकाळी साफ नाकारतो. दुसरा नायक गोळ्या झाडत सुटला असता. हा समोरच्या ओसरीवर झुलत्या खुर्चीत बसून लाकूड तासत राहतो. पैसे कसे मिळवणार, असं जो तो विचारतो. याचं ठरलेलं उत्तर : "चाललंय काम." आणि तिकडे बार्ट जुन्या दोस्तांना जमवून त्या बँकवाल्याला असा गळाला लावतो की बस्स! ब्रेट झालेला जेम्स गार्नर त्या खुर्चीतून जवळजवळ हलत नाही, तरी नजर त्याच्यावरून हटत नाही. (१९६० मध्ये स्टुडिओशी भांडून, कोर्टात जिंकून तो बाहेर पडला. मग चुलतभाऊ म्हणून चक्क पुढे जेम्स बाँड झालेला रॉजर मूर आला, पण ती मजा गेली ती गेलीच.)

आणखी एका भागात ब्रेट पैज लावतो : पिसलेल्या कॅटातले कुठलेही २५ पत्ते घ्या, त्यांतून पाच-पाचांचे पाच डाव लावून दाखवतो, सिक्वेन्स (ओळीने पाच पत्ते), कलर (पाचही एकाच चिन्हाचे), फुल हाऊस (तीन सारखे आणि दोन सारखे) असे. ऐकायला अशक्य, पण जवळजवळ दर वेळी जमतं. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर करून पाहिलं. हरलो तर आठवडाभर भांडी माझ्याकडे, अशी सौ.ची अट होती. तिन्ही वेळा जिंकलो. मात्र तिसऱ्या डावाच्या नादात गॅसवरचं दूध उतू गेलं, त्यामुळे ओटा मलाच पुसावा लागला.

कळावे,
आपला एक जुना वाचक, मिरज