आधी एक पाऊस त्या घरात काढ

वेंगुर्ले, मे महिना

प्रिय बाळ्या,

देवगडच्या घरासाठी नमुने म्हणून तू पाठवलेले सगळे फोटो काल रात्री पडवीत बसून निवांत पाहिले. पांढरंशुभ्र स्वयंपाकघर, राखाडी दिवाणखाना, वेताच्या खुर्च्या, काचेची लांबच लांब भिंत. प्रत्येक फोटो सुंदर आहे, पण ती चाळीस वेगवेगळ्या माणसांची घरं आहेत. त्यांत तुझं घर कुठलं ते मला सापडेना. म्हणून फोनवर दोन ओळी न लिहिता हे पत्र लिहितोय.

देवगडचं ते घर तुझ्या आजोबांनी बांधलं. जांभ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर. त्याला आता तू हात लावणार, याचा मला मनापासून आनंद आहे. पण सोफ्याचा रंग कुठला, हा प्रश्न तू फार लवकर विचारलास.

आमचं घर सहा वर्षांपूर्वी पुन्हा उघडलं, तेव्हा मीही तसंच केलं होतं. दिसेल आणि आवडेल ते आणत गेलो. मुंबईहून दोन लटकते दिवे, प्लायवुडचं लॅमिनेट लावलेलं कपाट, निळ्या उशा, पडवीत गुळगुळीत राखाडी टाइल्स. मेस्त्री तेव्हाच म्हणाले होते, "आदी एक पावस बघा, मगे कपाटा करूया." मी ऐकलं नाही. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जुलैत कपाटाची दारं फुगून बसली, उशांवर बुरशी आली, ओल्या टाइल्सवरून आई घसरली. सुदैवाने हाड मोडलं नाही. त्या दिवशी मी फार खजील झालो. मला पुढे जास्त सलत राहिलं ते वेगळंच. पैसे खर्च करूनही घरात शिरल्यावर "आलो आपल्या घरी" असं वाटत नव्हतं.

मग काही न आणता आठवडाभर मी एका वहीत फक्त लिहीत गेलो: कोण कुठे बसतं, किती वाजता, काय करत. त्यातून कळलं की चार वाजल्यानंतर आमचं सगळं घर पडवीत असतं. आई तांदूळ निवडते ती मागल्या दाराच्या उंबऱ्याशी, कारण उजेड तिथे येतो. माजघरात दुपारी सगळे झोपतात, कारण तिथे अंधार आणि गारवा असतो. मी त्याच माजघरात छतातून उजेड आणायला निघालो होतो!

आणि एक भिंत सापडली. गणपतीची. ती वर्षभर रिकामीच असते, कारण चतुर्थीच्या आधी काका ती रंगवतात आणि वर माटवी, म्हणजे फळं-पानं टांगायची चौकट, बांधायची असते. लहानपणी काका गेरू, पिवडी, नीळ आणि चुना कालवायचे, ते मला लख्ख आठवतं. तू पण एका वर्षी मोराची पिसं रंगवली होतीस. मी ठरवलं, घराचे रंग हेच. जमीन तांबड्या कोब्याची, भिंती चुन्याच्या, लाकूड त्याच्या स्वतःच्या रंगाचं, पिवळा आणि निळा फक्त कापडात. त्या दिवसापासून दुकानात गेलं तरी गोंधळ होत नाही. वस्तू कितीही आवडली तरी गणपतीच्या भिंतीशेजारी शोभेल का, एवढंच विचारतो. दोन्ही दिवे बहिणीला देऊन टाकले, तिच्या फ्लॅटमध्ये ते छान दिसतात.

तुझी भिंत दुसरी असेल. कदाचित भिंत नसेलच, तुझ्या आजीचा झोपाळा असेल, किंवा मागल्या दारची विहीर. ते तुलाच शोधायला हवं, आणि वहिनींना आणि मुलांना विचारून. वहिनींनी स्वयंपाकघराबद्दल काय म्हटलं ते तुझ्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

आता त्या काचेच्या भिंतीबद्दल. नको करूस, बाळ्या. समुद्र पश्चिमेला आहे आणि पावसाळी वाराही तिकडूनच येतो. आपले आजे पश्चिमेकडे माडाच्या चुडतांची विणलेली झापं बांधायचे ती झड आत येऊ नये म्हणूनच. काचेवर खाऱ्या वाऱ्याचा थर बसेल, लोखंडी बिजागऱ्या दोन वर्षांत गंजतील. त्याऐवजी पडवी हातभर खोल कर, पागोळ्या लांब पडू देत, आणि समुद्र पडवीत बसून बघ. बिजागऱ्या पितळेच्या घे. जांभ्याच्या भिंतीला प्लास्टिकचा रंग देऊ नकोस. जांभ्याचा दगड ओल ओढतो, ती बाहेर पडायला वाट नाही मिळाली की रंगाचे पापुद्रे निघतात. चुना दे. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, पण ते काम घरातल्या सगळ्यांनी मिळून करण्यासारखं आहे.

लाकूड फणसाचं मिळालं तर उत्तम. ताजं असताना हळदीसारखं पिवळं, मग वर्षागणिक तांबूस होत जातं. वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लाव, वाळवी लांब राहते.

शोभेचं म्हणशील तर एकच सांगेन. कुडाळजवळ पिंगुळीला जा. ठाकर समाजाची चित्रकथी तिथे अजून जिवंत आहे. परशुराम गंगावणे यांना तिच्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्र समोर धरून कथा गातात ती ऐक, आणि मग एक चित्र घेऊन ये. कागद आहे, तेव्हा ओल्या भिंतीला चिकटवून लावू नकोस, मागे बोटभर फट ठेव. आजीची खोबरं खवायची विळी मात्र भिंतीवर टांगायचा विचार सोड. तिला धार लावून घे आणि वापर.

यंदा काहीच विकत घेऊ नकोस. जूनमध्ये आठ दिवसांची रजा काढून सगळे त्या घरात राहायला या. जुन्या खाटा आहेत, चूल आहे, तेवढं पुरतं. वही आण. पाणी कुठे गळतं, मुलं कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसतात, सकाळचं ऊन कुठपर्यंत येतं, सगळं लिही. एक दिवस मी मेस्त्रींना घेऊन येतो. परड्यातला जुना फणस दोन वर्षांपूर्वी पडला, त्याची एक रुंद फळी मी माळ्यावर सुकवत ठेवली आहे. तिचं काय करायचं ते तुझी वही वाचून ठरवू.

आईने तुला आठवण सांगितली आहे. आंब्याची पेटी सोमवारी एसटीने पाठवतोय, उतरवून घे.

तुझा,
दाजी