जुन्या गाडीचे इंजिन थंड असतानाच पाहा

महोदय,

जुनी छोटी गाडी घेताना लोक किलोमीटरच्या आकड्यावर भाळतात. तो आकडा मागे फिरवता येतो. ब्रेक पेडलचे गुळगुळीत झालेले रबर आणि स्टिअरिंगची झीज जास्त खरे सांगतात. पहिलीच गाडी घेणाऱ्यांची सारी बचत यात अडकते, म्हणून हे कळकळीने लिहीत आहे.

‘मी येण्याआधी गाडी चालू करू नका’ असे मालकाला बजावून सांगावे. थंड इंजिन सुरू होताच निळसर धूर आला तर ऑइल जळते आहे. ऑइल जळण्याच्या जागी जाऊ न देणारे व्हॉल्व्ह सील किंवा पिस्टन रिंग झिजल्या असणार. पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबतच नसेल आणि कूलंटही (इंजिन थंड ठेवणारा द्रव) घटत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालच्या सीलचा, संशय घ्यावा. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे. आत तांबूस गंजाचे पाणी दिसले, तर बहुधा कूलंटऐवजी साधे पाणीच भरले गेले आहे. माझ्या मते अशी गाडी स्वस्तातही घेऊ नये.

टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची हालचाल जुळवणारा पट्टा) असेल तर तो बदलल्याची पावती मागावी. त्याला किलोमीटरइतकीच वर्षांचीही मुदत असते. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. पावती नसल्यास बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंपाचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.

स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट आवाज आला, तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) चाकाकडचा बाहेरचा सांधा गेला. टायरचे वयही पाहावे: त्यावरील तारखेच्या चार आकड्यांत २३१९ असेल तर तो २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलेला.

– एक वाचक