विकण्याआधी जुन्या बंदुकीला नवा रंग देऊ नका

मा. संपादक,
स. न.

वाडवडिलांची बंदूक विकायची ठरली की घरचे आधी ती बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) घासून, नव्याने काळीभोर करून आणतात. हेतू चांगला असतो, पण बंदुकीची निम्मी ओळख त्या बफवरच पुसली जाते. झिजलेला मूळ रंग हा नव्या रंगापेक्षा मोलाचा, हे सांगण्यासाठी हे पत्र.

पंप ॲक्शन, म्हणजे नळीखालची लाकडी पकड (पंप) मागेपुढे ओढून काडतूस भरायची बंदूक. तिचं नेहमीचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली विंचेस्टर मॉडेल १२. १९१२ साली ती बाजारात आली आणि १९६० च्या दशकापर्यंत सुमारे वीस लाख नग निघाले. त्यामुळे नुसती जुनी म्हणून ती दुर्मीळ ठरत नाही. १२ बोर (बोर म्हणजे नळीच्या आतल्या मापाचा क्रमांक; आकडा मोठा तितकी नळी अरुंद) सर्वांत जास्त मिळते. २८ बोर खरोखर विरळा, तिथे भाव एकदम वेगळ्या पायरीवर जातो.

तपासणी परवानाधारकाच्या समोरच करावी. आधी पंप मागे ओढून चेंबर (उडवायचं काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग) आणि खालची काडतुसांची नळी, दोन्हीत बोट घालून रिकामी असल्याची खात्री करावी. नुसत्या नजरेवर विसंबू नये.

मग रंग. ट्यूबलाइटखाली अंदाज चुकतो. दिवसाच्या तिरप्या उजेडात बघावं. नळी, रिसीव्हर (यंत्रणा बसते तो मधला पोलादी भाग) आणि काडतुसांची नळी यांवर मूळ ब्ल्यूइंग (पोलादावर चढवलेला निळसर काळा रंग) किती टक्के उरलंय ते वेगवेगळं लिहावं. मॉडेल १२ हातात धरून चालताना तोल रिसीव्हरपाशी येतो, म्हणून तिथला रंग आधी जातो. लाकडी पकड पुढेमागे सरकून काडतुसांच्या नळीवर उभ्या रेघा पडतात. नळीच्या तोंडाची कड पांढरी होते. ही झीज प्रामाणिक. अमेरिकेत किमतीची पुस्तकं अशाच टक्क्यांवर चालतात आणि त्यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: नव्यासारख्या बंदुकीचे पाच टक्के गेले की भाव धाडकन उतरतो, पण साठाचे पन्नास झाले तर फारसा फरक पडत नाही. म्हणजे झिजलेल्या बंदुकीला रंग देऊन कमावण्यासारखं काहीच नसतं.

नवा रंग ओळखायचा कसा? अक्षरांवरून. कारखान्यातल्या ठशाच्या कडा बोटाला टोचतात. बफ फिरला की त्या बसतात आणि अक्षर पाण्यात भिजल्यासारखं दिसतं. स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो. रिसीव्हरच्या धारदार कडा गोल होतात. गंजाचे खड्डे काळ्या रंगाखाली तसेच दिसत असतील, तर रंग नंतरचा. आणि नंबर? तो पुसट झाला तर प्रश्न किमतीपुरता राहत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ नुसार ओळखचिन्ह पुसणं, बदलणं हा गुन्हा आहे, आणि परवान्यावरचा नंबर बंदुकीवर वाचता आलाच पाहिजे. मॉडेल १२ वर तो रिसीव्हरच्या पोटाला पुढच्या कडेजवळ असतो. नळी उतरवल्यावर दिसणाऱ्या जोडाच्या पोटालाही तोच हवा. दोन्ही जुळले नाहीत तर नळी दुसऱ्या बंदुकीची समजावी.

कापलेली नळी फार जणांच्या नजरेतून सुटते. १२ बोरचं आतलं माप साधारण १८.५ मि.मी. असतं. नळीवर फुल चोकचा (तोंडाशी नळी जास्त आवळलेली असल्याचा) ठसा असेल तर तोंडाशी ते जवळजवळ एक मि.मी. ने कमी भरलं पाहिजे. व्हर्नियर लावून तिथेही १८.५ आलं, तर नळी बहुधा कापली आहे, पुढचा नेम धरायचा मणी कितीही सुबक बसवलेला असो. दस्ता कापून रबरी पॅड लावला असेल तरीही भाव उतरतो. नळीतून उजेडाकडे बघताना काळं कडं दिसलं तर तिथे नळी फुगलीय. अशी बंदूक वापरायची म्हणून विकूच नये.

नळीचा जोड हलतो म्हणून गिऱ्हाईक भाव पाडतं. तिथे दातेरी कडं असतं. ते एक घर पुढे सरकवलं की ढिलाई बहुधा जाते. चाप दाबून धरून पंप पुढे नेला की घोडा पडतो, हा बिघाड नव्हे; या मॉडेलची रचनाच तशी आहे. मात्र म्हणूनच पंप करताना बोट चापाबाहेर हवं.

जुन्या १६ बोरमध्ये खरा धोका चेंबरचा. सुरुवातीच्या नगांचं चेंबर ६५ मि.मी. चं, आजची काडतुसं ७० ची. काडतुसाची लांबी उडाल्यावरची मोजलेली असते, म्हणून न उडालेलं काडतूस सहज आत बसतं. उडताना त्याचं तोंड नळीच्या अरुंद भागात उघडतं आणि दाब वाढतो. चेंबर मोजल्याशिवाय १६ बोरची किंमत सांगूच नये.

अमेरिकेतला आकडा डॉलरच्या दराने गुणून इथली किंमत निघत नाही. सामान्य नागरिकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही, त्यामुळे इथे चांगल्या नगाला टंचाईचा भाव मिळतो. दुसरीकडे २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तिनावरून दोनवर आली, म्हणजे गिऱ्हाईकही कमी झालं. परवानाधारकाच्या निधनानंतर वारसांनी बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. व्यवहार होईपर्यंत ती तिथे महिनोन्महिने पडून राहते आणि खरं नुकसान याच काळात होतं. जमा करण्याआधी नळी आतून पुसून तेलाचा पातळ हात द्यावा, कापडी किंवा चामडी खोळीत ठेवू नये. ती ओल धरते. गंजाचा ठिपका दिसला तर त्यावर रात्रभर तेल ठेवून सकाळी तांब्याच्या पट्टीच्या कडेने हळूच खरवडावा. तांबं पोलादापेक्षा मऊ, म्हणून गंज निघतो आणि खालचा मूळ रंग राहतो. पॉलिश पेपर मात्र बंदुकीजवळ आणू नये.

– एक शस्त्र-कारागीर, कोल्हापूर