नोकरी का सोडतेय

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, नोकरी सोडतेय म्हटल्यावर तुम्ही पहिलं विचारलंत, "कोणाशी वाजलं का?" नाही हो. वजनकाटे दुरुस्तीचं स्वतःचं काम सुरू करतेय ते रागातून नाही, आणि श्रीमंत व्हायला तर नाहीच.

पैशाचं आधी सांगते, कारण तुमची झोप तिथेच उडाली असणार. बार्टन हॅमिल्टन या अर्थतज्ज्ञाने २००० साली अमेरिकेतल्या आकड्यांवरून दाखवलं की दहा वर्षं स्वतःच्या धंद्यात काढलेल्यांची मध्यम कमाई (कमी-जास्त अशी रांग लावली तर बरोबर मधोमध येणारी), ते नोकरीत राहिले असते त्यापेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी कमी भरते. तरीही माणसं धंद्यात उतरतात आणि टिकून राहतात. काहींना नोकरीच मिळत नाही, त्यांचा नाइलाज असतो. पण हर्स्ट आणि पग्स्ली या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये पाहिलं, तर बहुतेक छोट्या धंदेवाल्यांना फार मोठं व्हायचंच नव्हतं. आपल्या कामाचे आपण धनी असावं, एवढं अनेकांना पुरे होतं. मलाही.

काट्याच्या ताटलीत मधोमध वजन ठेवलं की आकडा बरोबर येतो. तेच वजन कोपऱ्याकडे सरकवा, काही काटे वेगळंच दाखवतात. म्हणून आधी काटा समपातळीत आणायचा, चालू करून थोडा वेळ तसाच ठेवायचा, मग चारही कोपरे तपासायचे. इथे नोकरीत तेवढी सवड देत नाहीत. मधला आकडा जुळला की स्टिकर लावा आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे निघा. त्या काट्यावर उद्या कोणी औषधाची पूड मोजणार असतं, आणि खाली सही माझी असते. आई, हे मला सोसत नाही गं. काम पुरं झालं की नाही, हे मला ठरवायचंय.

तुम्ही ठेव मोडायला निघालात, ते कळलं. वारशाने किंवा भेट म्हणून पैसे मिळालेली माणसं धंदा काढण्याची शक्यता जास्त असते, असं ब्लँचफ्लॉवर आणि ऑस्वाल्ड या अर्थतज्ज्ञांना १९९८ मध्ये आढळलं होतं. भांडवलापाशी किती जण अडत असतील! माझं अडलेलं नाही. प्रमाणित वजनांचा संच हाच मोठा खर्च, तो माझ्या बचतीतून निघतोय. ठेव तुमच्या औषधपाण्यासाठी आहे, तिला हात लावू नका.

सोबत पहिल्या वर्षाचा अंदाजी जमाखर्च पाठवतेय. बाबा, फिरतीचा खर्च कमी धरलाय असं वाटतंय, तो नीट तपासा. आई, रविवारी फोन करते, तुझे प्रश्न काढून ठेव.

तुमची,
लेक